काळ्या मातीतली नवी बुरशी शोधायची तर

माझ्या मोबाईलमधला एक फोटो मी मुद्दाम ठेवून दिलाय. गोल, काळपट तपकिरी, अंगभर पुरळ उठल्यासारखे बारीक उंचवटे, व्यास १८० मायक्रॉन. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या शेतात रब्बी ज्वारीच्या मुळाशी सापडलेला मायकोरायझाचा, म्हणजे झाडाच्या मुळात राहणाऱ्या बुरशीचा, बीजाणू. तो कुठल्याच वर्णनाशी जुळेना. दोन रात्री झोप नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी विभागात पेढे वाटले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी खाल्ले. सात महिन्यांनी कळलं की ती फनेलिफॉर्मिस मोसिए होती. शेतातल्या बुरश्यांमधली सगळ्यात ओळखीची, कुठंही भेटणारी. अंगावरचं पुरळ म्हणजे सडत चाललेल्या बाहेरच्या थराला चिकटलेली घाण आणि सूक्ष्मजीवांनी पाडलेले खड्डे.

दरवर्षी एम.एस्सी.ची दोन-चार मुलं प्रकल्पासाठी येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘मॅडम, नवीन सापडेल का?’ सापडू शकते. या गटातल्या नाव दिलेल्या प्रजाती जगभरात मिळून तीनशेहून थोड्याच जास्त आहेत, आणि मातीतला डीएनए वाचला तर ज्यांना अजून नाव नाही असे कितीतरी प्रकार दिसतात. पण सापडली हे म्हणायचं कधी, तेवढं मी त्यांना माझे पेढे सांगून समजावते. खालचं सगळं त्या सांगण्यातूनच लिहून काढलंय. पुस्तकातल्या पद्धती बहुतेक वाळूच्या, हलक्या जमिनीच्या हिशेबानं लिहिलेल्या असतात. आपल्या भारी काळ्या रानात त्या जशाच्या तशा चालत नाहीत.

शोधतोय काय, ते आधी. मुळाच्या आत शिरून राहणारी, झाडाकडून साखर घेऊन त्याला मातीतला स्फुरद आणून देणारी बुरशी. शेतकरी तिला ‘व्हॅम’ म्हणतात, कृषी केंद्रात पाकिटात मिळते ती. फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ हा शब्द दिला. आपल्याला हव्या त्या गटाचं, ग्लोमेरोमायकोटाचं, एक वैशिष्ट्य डोक्यात पक्कं ठेवा: ही बुरशी पेट्रीडिशमध्ये आगारवर वाढत नाही. तिला जिवंत मूळ लागतं. ट्रायकोडर्मासारखी बशीत उगवली असती तर निम्मं काम आठवड्यात झालं असतं. म्हणून तर कुंड्या, ज्वारी, चाळण्या हा सगळा खटाटोप.

माती कधी आणि कुठली

पावसाळ्यात मुळांच्या आत बुरशीची धामधूम असते, पण मातीत बीजाणू कमी. पीक पिकायला, वाळायला लागलं की बुरशी बीजाणू टाकायला लागते. आमच्याकडं रब्बी ज्वारी निसवून दाणे भरल्यापासून ते काढणीनंतर धसकटं उभी असेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्च, हा माझा आवडता काळ. तुरीच्या बाबतीत शेंगा वाळायला लागल्या की जायचं. माती वाफशावर असावी. ओल्या काळ्या मातीत गेलात तर नमुना कमी आणि चपलेला चिकटलेली माती जास्त घेऊन याल. पार वाळली तर ढेकूळ कुदळीनंही फुटत नाही.

वरची दोनेक सेंटिमीटर माती बाजूला सारा. मग झाडाच्या बुडाशी खुरप्यानं वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत उकरून, बारीक मुळ्यांसकट अर्धा किलो माती घ्या. मुळ्या महत्त्वाच्या. नुसती माती आणणाऱ्या पोरांना मी परत पाठवते. एकाच रानात पाच ठिकाणचे नमुने घ्या, पण एकत्र करू नका. खत-परीक्षणासाठी एकत्र करतात ते ठीक आहे. आपल्याला उद्या ‘हा बीजाणू नक्की कुठल्या झाडाच्या बुडाशी होता’ याचं उत्तर द्यायचंय.

पहिल्यांदा मी असं उकरत बसले होते तेव्हा आप्पा धुऱ्यावरून बघत होते. शेवटी राहवलं नाही.

“काय उकरायलीस माय? उंदराचं बीळ हाय का तिथं?”

“बुरशी बघायली आप्पा.”

“मंग ती तर पावसात असती. आता वाळल्या रानात काय घावणार?”

छत्रीच्या आकाराची, उकंड्यावर उगवणारी तेवढीच बुरशी त्यांना माहीत होती. पण त्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. मी दहा, वीस, तीस सेंटिमीटर असे खोलीप्रमाणं नमुने वेगळे करत होते. ते म्हणाले, “उन्हाळ्यात ह्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडत्यात. वरचं धसकट कोपरभर खाली गेलेलं असतंय. तू वरचं-खालचं कशानं ठरवणार?” खरं आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते आणि पाऊस आला की भेग मिटून आतच राहते. शेत स्वतःच स्वतःला उलथं-पालथं करत असतं. तेव्हापासून खोलीवर मोठमोठे निष्कर्ष काढणं मी सोडलं.

वावराइतकाच धुरा बघा. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीखाली वर्षानुवर्षं नांगर लागलेला नसतो, डीएपी पडलेलं नसतं. वखरपाळीनं मातीतलं तंतूंचं जाळं तुटतं आणि ते सहन न होणाऱ्या जाती, विशेषतः गिगास्पोराच्या कुळातल्या, रानातून कमी होत जातात. माझ्या बाटल्यांमध्येही तेच दिसतं: रानातल्या मातीत ग्लोमससारख्या साध्या दांड्याचे (दांडा म्हणजे काय, ते पुढं येईल) बीजाणू ढिगानं, आणि धुऱ्यावरच्या मातीत मधूनच टपोरा गिगास्पोरा. नवीन काही हवं असेल तर माझी पहिली पैज धुऱ्यावर. बालाघाटच्या माळावरच्या सीताफळीखालीही बघा. तिथली मुरमाड माती चाळायलाही सोपी.

मोहरी, पालक, तांदुळजा यांच्या मुळाशी मात्र वेळ घालवू नका. या झाडांचं या बुरशीशी जमत नाही.

पिशवीवर मार्करनं लिहू नका. एसटीत चोवीस पिशव्या मांडीवर घेऊन परभणीपर्यंत गेले, उतरले तेव्हा अकरा पिशव्यांवर निळे डाग होते आणि बाकी काही नाही. शिसपेन्सिलीनं जाड कार्डावर लिहा आणि ते कार्ड दुसऱ्या छोट्या पिशवीत घालून आत टाका. तारीख, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, पीक, आधीचं पीक, कुठलं खत कधी टाकलं. शेतमालकाला विचारून लिहा, अंदाजानं नको. माती सावलीत सुकवा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

चाळणी

ओल्या चाळणीची पद्धत गर्डमन आणि निकोल्सन या दोघांनी १९६३ मध्ये छापली. याच दोघांनी १९६८ मध्ये माझ्या पेढेवाल्या बुरशीला बार्बरा मॉस या संशोधक बाईंवरून नाव दिलं, हे मला फार नंतर कळलं. पद्धत साधी आहे. शंभर ग्रॅम माती लिटरभर पाण्यात ढवळायची, जड वाळू खाली बसू द्यायची, वरचं पाणी एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून ओतायचं. मी ७१०, २५०, १०५ आणि ४५ मायक्रॉनच्या चार वापरते. पाणी निवळ येईपर्यंत पाच-सहा वेळा हेच.

आपल्या मातीत गाडं दोन ठिकाणी अडतं. एक, मातीचे बारीक कण एकमेकांना असे धरून बसतात की बीजाणू त्या गोळ्यातच राहतो. माती रात्रभर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या सौम्य द्रावणात भिजत घाला. माती परीक्षण प्रयोगशाळेत पोत काढायला हेच वापरतात. ओळखीनं थोडं मिळून जातं. दुसरं, ४५ची चाळणी तुंबते. पोरं वरून नळ मोठा करतात आणि सगळं बाहेर उसळून मोरीत जातं. नळ बारीक ठेवा, चाळणी तिरकी धरा आणि खालून तळहातानं हलके थापटा, भाकरी थापल्यासारखं. पाणी झिरपायला लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीला हे पहिल्याच दिवशी जमलं. बाकीच्यांना आठवडा लागला.

चाळणीवर उरलेलं फिल्टर पेपरवर किंवा पेट्रीडिशमध्ये घेऊन स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघायचं. कचरा फार असेल तर साखरेच्या पाण्यात तरंगवून वेगळं करा: शंभर मिलीत पन्नास ग्रॅम साखर, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी दोन मिनिटं. लगेच चाळणीवर ओतून भरपूर पाण्यानं धुवा. साखरेत राहिले तर बीजाणू मनुक्यासारखे सुरकुततात आणि मग मोजमाप खोटं येतं.

आता खरी गंमत. पहिल्या दिवशी प्रत्येकाला शेकडो बीजाणू दिसतात. त्यातले निम्मे बीजाणू नसतात. आपल्या जमिनीत चुनखडी भरपूर, आणि तिचे बारीक पांढरे-पिवळसर कण लेन्सखाली इतके गोल, इतके चकचकीत दिसतात की मीसुद्धा फसते. सुईनं दाबा. चुनखडी करकरते, सरकते, पण फुटत नाही. बीजाणू आधी दबतो, मग पटकन फुटतो आणि आतून तेलाचे थेंब बाहेर येतात, तुपाच्या डोळ्यांसारखे. शंका राहिली तर सौम्य आम्लाचा थेंब टाका, चुनखडी फसफसते. काळे कण वेगळीच फसवणूक करतात. ज्वारीचा खडखड्या ज्या रानात येतो तिथं मॅक्रोफोमिना या रोगकारक बुरशीच्या काळ्या बारीक गाठी मातीत असतात, त्याही ५० ते १५० मायक्रॉनच्या. फोडून बघा: आत तेल नाही, पोकळी नाही, नुसत्या पेशींचा ठोकळा. दांडाही नाही. किड्यांची अंडी, तणांचं बी, हे नजर बसली की आपोआप बाजूला पडतं.

निरोगी बीजाणू बारीक पिपेटनं एकेक उचला. चिमट्यानं उचलू नका, चिरडतो. रंग, आकार, दांडा सारखा असलेले एकत्र करून घड्याळकाचेत ठेवा. इथं वहीत लिहिताना प्रजातीचं नाव अजिबात लिहायचं नाही. मी ‘ग-१’, ‘ग-२’ असे नंबर देते. नाव एकदा लिहिलं की डोळे तेच बघायला लागतात.

मुळं रंगवायची, शाईनं

मुळात बुरशी आहे की नाही हे बघायला महागडा ट्रायपॅन ब्ल्यू लागतच नाही. १९९८ मध्ये शाई आणि व्हिनेगर वापरून मुळं रंगवण्याची पद्धत आली, ती आमच्यासारख्या कॉलेजांसाठीच आहे. मुळ्या धुऊन सेंटिमीटरभर तुकडे करा, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. ज्वारीच्या मुळाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, तुरीच्या मुळाला जास्त. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण कातडी खातं. मुळं पारदर्शक झाली की चांगली धुवा. पाच टक्के फाउंटन पेनची शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटं उकळा, मग व्हिनेगरचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात जास्तीची शाई उतरू द्या.

लेन्सखाली मुळाच्या पेशीत बाभळीच्या झाडासारखं फांद्या-फांद्यांचं काहीतरी दिसलं की ते आर्बस्क्युल. देवाणघेवाण तिथंच चालते. गोल फुगे म्हणजे व्हेसिकल, साठवणीचे. फुगे अजिबात नसतील आणि आर्बस्क्युल असतील तर गिगास्पोराच्या कुळाची शंका घ्या. ते मुळात फुगे करत नाहीत. पण मुळावरून प्रजाती ठरत नाही. करडईच्या मुळाचा सुंदर फोटो काढून ‘नवीन’ म्हणून पाठवणारे दरवर्षी एक-दोन भेटतात.

बीजाणू वाचायचा

स्लाईडसाठी पीव्हीएलजी करून ठेवा: शंभर मिली डिस्टिल्ड पाण्यात १६.६ ग्रॅम पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पूर्ण विरघळवून त्यात शंभर मिली लॅक्टिक आम्ल आणि दहा मिली ग्लिसरॉल. ते मधासारखं होतं. त्यात बीजाणू ठेवा, कव्हरस्लिप टाका, दोन-चार अख्खे राहू द्या, बाकीचे हलक्या दाबानं फोडा. फोडल्याशिवाय भिंतीचे थर कळत नाहीत आणि थर कळल्याशिवाय काहीच कळत नाही. दुसऱ्या स्लाईडवर पीव्हीएलजीत निम्मं मेल्झरचं, म्हणजे रंग चढवणारं आयोडीनचं, द्रावण घाला. मेल्झरमध्ये क्लोरल हायड्रेट असतं, विषारी आहे. प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून.

मग दांडा बघायचा. दांडा म्हणजे बीजाणूला जोडलेला तंतू, त्याचा पहिला जन्मदाखला. सरळ नळीसारखा असेल तर ग्लोमसच्या गोतावळ्यातला. नरसाळ्यासारखा बाहेर उघडत गेला तर फनेलिफॉर्मिस. ते नावच नरसाळ्यावरून आहे. दांड्याच्या जागी कांद्यासारखा फुगवटा असेल तर गिगास्पोरा किंवा स्क्युटेलोस्पोरा. फोडल्यावर आत ढालीसारखी चकती दिसली तर दुसरा. दांडाच नसेल, नुसता एक गोल व्रण असेल, तर अकॅलोस्पोरा. याचा बीजाणू एका पिशवीच्या मानेवर बाजूला उगवतो आणि पिशवी पुढं गळून जाते. मेल्झरमध्ये त्याचा आतला थर गुलाबी-जांभळा होतो. पहिल्यांदा तो रंग चढताना बघितला तेव्हा मी स्टूलवरून उठून दार लावून घेतलं होतं, कुणी येऊन बोलायला नको म्हणून.

मोजमाप किमान पन्नास बीजाणूंचं घ्या. पाच बीजाणू मोजून ‘आकार वेगळा आहे’ म्हणणं म्हणजे एका घरातली पाच माणसं मोजून मराठवाड्याची उंची सांगणं. रंग दिवसाच्या उजेडात, ताज्या बीजाणूवरून लिहा.

इथपर्यंत पोचून काहीतरी वेगळं दिसतंय असं वाटलं की मी जी चूक केली ती करायची वेळ येते.

कुंडी

रानातला बीजाणू किती दिवस मातीत पडलाय हे आपल्याला ठाऊक नसतं. एक पावसाळा, दोन, की जास्त. त्याचा रंग गडद होतो, बाहेरचा थर झडतो, दुसरे जीव त्याला पोखरतात. एकाच जातीचं पोर, तरणाबांड आणि म्हातारा हे तिघं लेन्सखाली तीन जाती वाटतात. म्हणून त्याला कुंडीत वाढवायचं आणि ताजी, वय माहीत असलेली पिढी बघायची. माझा पुरळवाला बीजाणू कुंडीतून आला तो पिवळाधमक, गुळगुळीत, बुडाशी सुबक नरसाळं. सोबत दुसरं काही नाही. पेढे पचून गेले होते.

वाळू आणि माती मिसळून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर तासभर, सलग दोन दिवस. कॉलेजचा ऑटोक्लेव्ह बंद असेल (असतोच) तर प्रेशर कुकरमध्ये थोडी थोडी करा, घरच्यांच्या परवानगीनं. नुसती काळी माती घालू नका, कुंडीत विटेसारखी बसते; निम्म्याहून जास्त वाळू हवी. मधल्या थरात रानातली माती आणि मुळ्यांचे तुकडे घाला. वर मालदांडी ज्वारीचं बी, धुऊन, निर्जंतुक करून. दर दहा कुंड्यांमागं एक कुंडी रिकामी, म्हणजे रानातली माती न घातलेली. तिच्यातही बीजाणू निघाले तर तुमच्या हातानं, पाण्यानं किंवा चाळणीनं सरमिसळ झालीय, सगळं परत.

स्फुरद देऊ नका. ज्वारी पिवळी पडली की पोरांचा जीव कळवळतो आणि कुणीतरी गुपचूप डीएपीचे चार दाणे टाकतं. मग झाड टरारून येतं आणि बुरशी मागं हटते. झाडाला आयतं मिळालं की ते बुरशीला कशाला पोसेल? चार-पाच महिने वाढू द्या, शेवटचे दोन-तीन आठवडे पाणी तोडा. वाळताना ती बीजाणू टाकते, रानात टाकते तशीच.

जाळी घाला. एका मे महिन्यात कॉलेजच्या आवारात शिरलेल्या शेळ्यांनी माझ्या बावीस कुंड्यांतली मालदांडी बुडापर्यंत खाल्ली. प्राचार्य म्हणाले, ‘ज्वारीच आहे ना, परत पेरा.’

या कुंडीत सगळ्या जातींची खिचडी असते. तिच्यातून हवा तसा ताजा बीजाणू उचलायचा आणि एकच बीजाणू कोवळ्या ज्वारीच्या मुळाच्या टोकाला लावून वेगळं रोप करायचं. मी बुडाला भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या ग्लासात करते. पन्नास लावले होते, तीन लागले. कंटाळवाणं काम आहे, पण या तीन ग्लासांतून जे येतं त्याबद्दल छातीठोक बोलता येतं: हे सगळे एकाच आईची लेकरं. एक पिढी झाली की त्यातून पुन्हा दुसरी लावा. तेच रूप परत आलं तर वर्णन लिहायला बसा.

डीएनए

रूप वेगळं, कुंडीतही वेगळं, मग डीएनए. २०१२ पासून बुरश्यांचा अधिकृत बारकोड, म्हणजे ओळख पटवायचा ठरलेला डीएनएचा भाग, आयटीएस हा तुकडा मानला जातो, पण या गटात तेवढ्यावर भागत नाही. एका बीजाणूत शेकड्यांनी केंद्रकं असतात आणि या तुकड्याच्या प्रतीसुद्धा एकाच बीजाणूत एकमेकींपेक्षा वेगळ्या निघतात. म्हणून एसएसयूचा शेवट, आयटीएस आणि एलएसयूची सुरुवात (एसएसयू आणि एलएसयू हे आयटीएसच्या अलीकडचे-पलीकडचे तुकडे) असा सलग दीडेक हजार अक्षरांचा तुकडा घ्यायचा. तेवढाच तुकडा पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे प्रायमर २००९ मध्ये आले. वेगवेगळ्या बीजाणूंतून, प्रत्येकाचे अनेक क्लोन (तुकड्याच्या वेगवेगळ्या केलेल्या प्रती) वाचायचे आणि मग नातेसंबंधांचं झाड काढायचं. तुमचे सगळे क्लोन एका फांदीवर एकत्र आणि शेजारच्या ओळखीच्या जातींपासून स्वच्छ वेगळे बसले, तर बरं लक्षण.

सिक्वेन्सिंग आम्ही बाहेरून करून घेतो. निकाल आला की मुलं धावत जाऊन ब्लास्ट करतात, म्हणजे इंटरनेटवरच्या डीएनए नोंदींशी जुळवून बघतात, आणि ‘मॅडम, ९३ टक्केच जुळतंय!’ म्हणून येतात. वर्णन झालेल्या कित्येक जातींचा डीएनए कुणी वाचलेलाच नाही. तुमची बुरशी १९८० च्या दशकात कुणीतरी नुसत्या चित्रावरून नाव दिलेली निघू शकते. म्हणून जुनी वर्णनं काढून, त्याच वंशातल्या प्रत्येक जातीशी एकेक करत ताडून बघावं लागतं. थरांची संख्या, जाडी, रंग, मेल्झर, दांडा. माझ्या वहीत यासाठी तक्ता आहे, आणि एकेका बीजाणूमागं तो भरायला महिना जातो. हे काम मोबाईलवर होत नाही.

जाता जाता, मुळात राहणारी प्रत्येक बुरशी याच गटातली नसते. थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळाशी मायकोरायझा शोधताना आपल्याच शास्त्रज्ञांना एका बीजाणूसोबत भलतीच बुरशी मिळाली. नासपतीच्या आकाराचे बीजाणू, म्हणून १९९८ मध्ये तिचं नाव पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ठेवलं; आता ती सेरेंडिपिटा इंडिका म्हणून ओळखली जाते. ती बशीत आरामात वाढते आणि झाडालाही मदत करते. तेव्हा मुळाचा तुकडा आगारवर ठेवल्यावर काही अनोळखी उगवलं तर ‘घाण आली’ म्हणून फेकायच्या आधी एकदा बघा.

नाव

नवीनच निघाली, तर कागदपत्रं. २०१२ च्या १ जानेवारीपासून वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट गेली, इंग्रजी चालतं. २०१३ च्या १ जानेवारीपासून मायकोबँकसारख्या नोंदणीत क्रमांक घेतल्याशिवाय नाव वैध धरत नाहीत. एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून ठरवून वनस्पतिसंग्रहालयात ठेवायचा. आपल्याला पुण्याची आघारकर संशोधन संस्था जवळची. तिथं अजरेकर बुरशी-संग्रहालय आहे आणि राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणं नवीन जातीचा नमुना नेमून दिलेल्या भांडारात जमा करणं बंधनकारक आहे. ‘परदेशातल्या तज्ज्ञाला चार बीजाणू पाकिटातून पाठवते’ असं मनात आलं तर थांबा. त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. फोटो पाठवा.

माझ्याकडं सध्या धुऱ्यावरच्या बोरीखालचा एक अकॅलोस्पोरा आहे, ‘ग-३१’. दुसऱ्या पिढीतही तेच रूप दिसलंय. तक्त्यात अजून सहा जातींशी ताडणं बाकी. विभागात कुणाला सांगितलेलं नाही. आप्पांना सांगितलं, कारण बोर त्यांची.

“नाव काय ठिवणार?”

“ठरलं नाही. गावाचं ठेवता येतं.”

“आपल्या सर्ज्याचं ठिव की.” सर्ज्या म्हणजे आमचा बैल, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच बोरीखाली पुरलाय.

मी नियम काढून बघितला. प्रजातीचं नाव कुठूनही घेता येतं, अगदी मनानं रचलेलंही चालतं. आप्पांना तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिसरी पिढी दिवाळीनंतर निघेल, तोवर गावात बोलायचं नाही.

“मी कशाला बोलू,” ते म्हणाले. “पेढे तू वाटतीस.”